दरबारातली सोबतीण

साताऱ्याच्या मुलींच्या महाविद्यालयात मी भूगोल शिकवायला लागले, ते बहात्तर सालच्या जूनमध्ये. पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत प्राचार्यबाई आल्या. आम्ही सगळ्या खुर्चीतून अर्धवट उठल्यासारखं करून पुन्हा बसलो. खिडकीजवळ बसलेली एक उंच, सावळी बाई मात्र पूर्ण उठली. पाठ न वळवता तीन पावलं मागे सरली, पदर सारखा करून दोन्ही हात पुढे जुळवून उभी राहिली. प्राचार्यबाई वीसेक मिनिटं बोलत होत्या. तेवढा वेळ ती बाई हलली नाही.

मला वाटलं, हिच्या हातून काहीतरी मोठी चूक झालेली दिसते. शेजारच्या संस्कृतच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "छे गं. जगदाळेबाई आहेत त्या. इतिहास शिकवतात. त्या तशाच आहेत."

त्या कशा आहेत, हे मला पुढची सहा वर्षं बघायला मिळालं. कारण महाविद्यालयामागच्या दोन खोल्यांच्या घरात जागा रिकामी होती आणि मला साताऱ्यात कुणी ओळखीचं नव्हतं. "माझी काही हरकत नाही," एवढंच त्या म्हणाल्या आणि मी माझी ट्रंक घेऊन त्यांच्याकडे राहायला गेले.

त्या तेव्हा शेहेचाळीस वर्षांच्या होत्या, मी तेवीसची. तरी रस्त्यानं चालताना त्या माझ्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे असायच्या. पोवई नाक्याला भाजीला जाताना मी मुद्दाम हळू चालायची, तर त्याही हळू व्हायच्या. "अहो, बरोबर चला ना," म्हटलं की म्हणायच्या, "चालतेच आहे की." माझ्या खोलीच्या दारावर त्यांनी कधी टकटक केली नाही. बाहेर उभ्या राहून बांगड्या वाजवायच्या. आत बोलावलं की मगच यायच्या. ताट वाढलं की माझ्या ताटातल्या भाजीची चिमूट आधी आपल्या तोंडात टाकायच्या, क्षणभर थांबायच्या आणि मग ताट पुढे सरकवायच्या. पहिल्यांदा मला राग आला. मग वाटलं, मीठ बघत असतील. पण स्वयंपाक मी केलेला असला, मीठ मी बघितलेलं असलं, तरी त्या चाखायच्याच.

गॅदरिंगच्या दिवसांत मुली त्यांच्यापुढे रांग लावायच्या. नऊवारी नेसवावी ती जगदाळेबाईंनीच. पाच मिनिटांत चापूनचोपून, एक निरी इकडची तिकडे नाही. नेसवून झालं की त्या मुलीला खांद्याला धरून आरशासमोर वळवायच्या आणि स्वतः आरशातून बाजूला व्हायच्या.

पण त्यांचं खरं राज्य वर्गात होतं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला युरोपचा इतिहास असे. त्यात प्रबोधनकाळ. बाकीचे प्राध्यापक तो आठवड्यात उरकतात: छापखाना आला, चित्रकार आले, जहाजं निघाली, संपलं. जगदाळेबाई हे सगळं दोन दिवसांत सांगत आणि मग तीन आठवडे राणीच्या सोबतिणींवर रेंगाळत. इंग्लंडच्या राणीजवळ, फ्रान्सच्या राणीजवळ मानकऱ्यांच्या मुली असत. बारा-चौदा वर्षांची पोर बाप दरबारात आणून सोडी. तिला नाच यायला हवा, वाद्य यायला हवं, दोन परक्या भाषा यायला हव्यात. राणीला वाचून दाखवायचं, राणीबरोबर भरतकाम करायचं, राणी जागी असेल तोवर जागायचं. राणीच्या परवानगीशिवाय लग्न करायचं नाही. चोरून केलं, तर तुरुंग.

मी एकदा त्यांच्या वर्गाच्या व्हरांड्यातून जात होते. आत साठ मुली उभ्या. बाई म्हणाल्या होत्या, "आज तासभर सगळ्यांनी उभं राहायचं. भिंतीला टेकायचं नाही, पाय बदलायचा नाही, जांभई द्यायची नाही. चेहरा हसरा." सुरुवातीला खुसखुस चालली होती. अर्ध्या तासानं ती थांबली. तास संपल्यावर मुली बाकांवर कोसळल्या, तेव्हा मागच्या बाकावरची शालन ठोंबरे पोटऱ्या चोळत म्हणाली, "बाई, मंग ह्या रानीच्या मोलकरणीच म्हनायच्या की!"

"नाही गं," जगदाळेबाई म्हणाल्या. "मोलकरणीला संध्याकाळी घरी जाता येतं."

त्या वर्षी विद्यापीठाकडून तपासणीला एक वयस्कर प्राध्यापक आले होते. ते बाईंच्या तासाला बसले. बाई सांगत होत्या, की सोबतिणीला दाराबाहेरूनच राणीच्या पावलांवरून तिचा आजचा राग-लोभ कळायचा. राणी टाच टेकवत आली की आज बोलायचं नाही. तास संपल्यावर त्या गृहस्थांनी विचारलं, "बाई, हे कुठल्या ग्रंथात आहे?"

बाई तीन पावलं मागे सरल्या. "ग्रंथात नाही सर. पण तसं असणारच."

"असणारच म्हणजे? इतिहासाला पुरावा लागतो."

"हो सर," बाई म्हणाल्या. घरी आल्यावर मी म्हटलं, "तुम्ही त्यांना उत्तर का दिलं नाहीत?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसल्या आणि पोळ्या लाटायला बसल्या.

उत्तर मला मिळालं ते दिवाळीनंतर. दुष्काळाचं वर्ष. माण-खटावकडच्या मुलींची घरं खडी फोडायच्या कामावर होती. शालन त्याच भागातली, मेंढपाळाच्या घरातली, त्या घरात कॉलेजात आलेली पहिलीच पोर. एका दुपारी तिचे वडील आमच्या दारात आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पाय धुळीनं पांढरे. शालन त्यांच्यामागे मान खाली घालून उभी.

"आवं बाई, पोरीला न्यायला आलोय," ते म्हणाले. "तुमच्या कानावर घालून जावं म्हनलं."

"परीक्षा चार महिन्यांवर आलीय. आत्ता कुठं नेताय?"

"कराडकडं एक बागायतदार हायती. लय मोठी मानसं. त्यांची एकुलती लेक पायानं अधू हाय. तिला सोबत पायजे, लिव्हता-वाचता येनारी. पोरगी त्यांच्याच घरात ऱ्हाईल, दोन टायमाला जेवंल. लगीनबी तेच लावून देनार हायती. हितं काय हाय, बाई? निम्मी मेंढरं गेली. निदान हिचं तरी कल्यान व्हईल."

मला ते ऐकून बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू? माणूस भला होता, बोलणं खरं होतं. मी जगदाळेबाईंकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"तात्या, बसा," त्या म्हणाल्या. ते उंबऱ्यालगत बसले. आणि माझ्यासमोर, शालनसमोर, त्या अनोळखी माणसाला बाईंनी जे सांगितलं, ते तोवर त्यांनी कुणालाच सांगितलं नसावं.

"मी शिरवळकडची. आमचं घर मानकऱ्यांचं, पण नावालाच. मी चौदा वर्षांची असताना वडिलांनी मला लोणंदहून गाडीत बसवलं आणि मिरजेच्या पुढे एका संस्थानात नेऊन सोडलं. तिथल्या ताईसाहेबांना, राजांच्या लेकीला, सोबत हवी होती. माझ्याच वयाच्या होत्या त्या. वडील म्हणाले, चार महिने राहा. नऊ वर्षं राहिले."

"हाल केलं व्हय तुमचं?" तात्यांनी विचारलं.

"नाही हो. लाड केले. ताईसाहेबांना शिकवायला बाई यायची, तिच्याकडे मी इंग्रजी शिकले. त्यांच्या ताटातलं मी आधी चाखायची. आम्ही एका खोलीत निजायचो. त्यांच्याइतकी माया मला नंतर कुणी लावली नाही." बाई थांबल्या. "माझी आई गेली, तेव्हा ताईसाहेबांचं लग्न चार दिवसांवर होतं. गावाहून माणूस आला. त्याला जेवायला घातलं आणि मागच्या दारानं परत पाठवलं. मला कुणी काही सांगितलं नाही. मला सुतक लागलं असतं ना. मग मांडवात ताईसाहेबांच्या मागे उभं कुणी राहायचं? मी हिरव्या साडीत, गजरा माळून त्यांच्या मागे उभी होते. मग पाठराखीण म्हणून मी त्यांच्या सासरी गेले. आईचं तेरावं होऊन गेल्यावर तिथं त्यांनी मला सांगितलं. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

तात्यांनी डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

"म्हणाल्या, 'यमू, तू नसतीस तर मला उभंच राहता आलं नसतं गं.' आणि ते खरं होतं, तात्या. खोटं नव्हतं ते."

"मंग निघून न्हाई आला?"

"कुठं येणार? वडिलांनी दुसरं लग्न केलं. आणखी तीन वर्षं तिथंच राहिले. मग संस्थानं गेली, माणसं कमी केली, त्यात मी आले. निघाले तेव्हा ताईसाहेब बाहेर आल्या नाहीत. तात्या, ते बागायतदार चांगलेच असतील. वाईट असते तर मी एवढं बोलले नसते. चांगल्या माणसांकडून सुटता येत नाही. तुम्ही एकदा तुमच्या पोरीला विचारा, तिला काय पाहिजे."

तात्यांनी मागे वळून बघितलं. शालन म्हणाली, "मला परीक्षेला बसायचंय, तात्या."

शालन त्या दिवसापासून आमच्याकडे राहिली. स्वयंपाकघरात तिची वळकटी पडली. बाई तिच्याही ताटातलं चाखायच्या. ती परीक्षेला बसली, पुढच्याही दोन बसली आणि दहिवडीकडे एका शाळेत शिक्षिका झाली. तात्या दर वर्षी एक घोंगडी आणून द्यायचे. आमच्याकडे तीन होत्या, तरी.

त्या दुपारनंतर मी बाईंना काही विचारलं नाही. पण त्या आपणहून मधेमधे सांगू लागल्या. भाजी निवडताना, पेपर तपासताना. ताईसाहेबांना पेटी कशी वाजवता यायची नाही आणि तरी त्या कशा वाजवायच्या. बांबूच्या चिकाच्या पडद्याआडून दोघी पोलोचा खेळ कशा बघायच्या आणि हरणाऱ्या बाजूसाठी मनात कशा ओरडायच्या. सांगताना बाई एकदम वीस वर्षांच्या दिसायच्या. मी एकदा न राहवून म्हटलं, "तुम्हाला राग नाही येत त्यांचा?"

"आला होता ना. खूप आला होता." त्यांनी मेथीची जुडी सोडली. "पण लता, राग आला की माणूस उठून दुसऱ्या कुणाकडे तरी जातो. माझ्याकडे दुसरं कुणी नव्हतंच. मग त्यांचा राग आला की मी त्यांच्याचजवळ जाऊन बसायची."

शहात्तर सालच्या एप्रिलमध्ये आम्हा दोघींना उत्तरपत्रिका तपासायला सांगलीला जावं लागलं. ताईसाहेब आता सांगलीत राहतात, हे बाईंना कुणाकडून तरी कळलं होतं. पती गेले होते, तनखे बंद झाले होते, मुलगा परदेशी होता. विश्रामबागेत एका घराच्या वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहत. बाईंनी चार वेळा चिठ्ठी लिहिली, चार वेळा फाडली, पाचवी पाठवली. उत्तर आलं: या.

बाईंनी एस.टी. स्टँडजवळून तासगावचे बेदाणे घेतले. दुकानदाराला तीन डबे उघडायला लावून त्यातले हिरवट, लांबडे बेदाणे निवडले. टांग्यात बसल्यावर पुडी उघडून एक बेदाणा तोंडात टाकला, थांबल्या, मग पुडी बांधली.

ताईसाहेब गोऱ्या, स्थूल, जाड चष्म्याच्या. गुडघे गेलेले. वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. "कोण? यमू?"

"जी."

"अगं, दारात काय उभी राहिलीस? ये इकडं. मला लांबचं दिसत नाही आता."

बाई जवळ गेल्या. ताईसाहेबांनी त्यांचा हात हातात घेतला, उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "केवढे खरखरीत झाले गं हात. खडू ना?" मग त्या बोलत राहिल्या. मोतीबिंदूबद्दल, मुलाच्या पत्रांबद्दल, कामवालीच्या सुट्ट्यांबद्दल. बेदाणे खाल्ले. बाई "जी", "हो ना" करत होत्या, सगळा वेळ उभ्या. मी बसले होते आणि मला अवघडल्यासारखं होत होतं.

आमची निघायची वेळ झाली, तेव्हा ताईसाहेबांनी सहज, पाहुण्यांना विचारतात तसं विचारलं, "आणि यमू, आई कशा आहेत तुझ्या? बऱ्या असतात ना?"

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी पदर सारखा केला. मग त्या म्हणाल्या, "बऱ्या आहेत. आपली आठवण काढतात."

"त्यांना माझा नमस्कार सांग हो."

"जी. सांगते."

टांग्यात बसल्यावर माझा तोल सुटला. "अहो, त्यांना आठवतसुद्धा नाही! तुमच्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट, आणि त्या विसरून गेल्या?"

बाई समोर घोड्याच्या पाठीकडे बघत होत्या. "तीस वर्षं मला वाटत होतं, त्या गोष्टीचं ओझं आम्ही दोघींनी मिळून उचललंय," त्या म्हणाल्या. "तर मी एकटीच उचलत होते." त्यांनी पदरानं डोळे टिपले. मला वाटलं, आता त्या रडतील. पण थोड्या वेळानं त्या वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "लता, आई बऱ्या आहेत असं म्हणताना मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. तीस वर्षांत मला कुणी विचारलंच नव्हतं गं, आई कशी आहे म्हणून."

त्यानंतर ताईसाहेबांची पत्रं येऊ लागली. अक्षर मोठं, उतरत जाणारं, एका कार्डावर चार ओळी. 'यमू, कधी येतेस?' बाई दिवाळीत जाऊन आल्या, मेमध्ये जाऊन आल्या. परत आल्या की दोन-तीन दिवस त्यांचं लक्ष नसायचं. भात करपायचा. वर्गात राणीच्या सोबतिणींचं सांगताना मधेच थांबून खिडकीबाहेर बघत राहायच्या. आणि अठ्ठ्याहत्तर सालच्या मार्चमध्ये त्यांनी मला राजीनाम्याचा कागद दाखवला. मी कायमचं सांगलीला जाणार, म्हणाल्या.

मी शालनला कळवलं. ती दहिवडीहून पहिल्या गाडीनं आली आणि आल्या आल्या बाईंवर तुटून पडली. एरवी शाळेत शुद्ध बोलणाऱ्या शालनच्या तोंडी गावची बोली परत आली. "बाई, माज्या बापाला तुमी काय म्हनला व्हता? चांगल्या मानसाकडनं सुटता येत न्हाई. मला हितं ठेवून घेतलं आन् आता सवताच निघाला व्हय? त्या बाईनं तुमची आई मेलेली लपिवली!"

बाईंनी तिला पाणी दिलं. ती पीत नाही असं बघून पेला तिच्या हातात धरून ठेवला.

"तुला तुझे वडील पाठवत होते, शालन. मला कुणी पाठवत नाहीये."

"म्हनून काय झालं? राबायचंच हाय न्हवं?"

"राबेन. इथं नाही राबले? त्यांना दिसत नाही, कुणी वाचून दाखवायला नाही. आणि मला..." त्या अडखळल्या. "मला यमू म्हणणारं जगात दुसरं कुणी उरलेलं नाही गं. नाही पटलं तर परत येईन. तेव्हा परत यायला जागा नव्हती. आता तुमच्या दोघींची घरं आहेत."

शालन पेला खाली ठेवून त्यांच्या कुशीत रडली. मला रडायला आलं नाही. मी त्यांची ट्रंक भरायला घेतली. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. पुढे कित्येक दिवस मी घरात बांगड्या वाजल्याचा भास होऊन "या ना" म्हणायची.

पुढच्या हिवाळ्यात मी सांगलीला गेले, ती आमची शेवटची भेट. दीड वर्षानं साध्या तापाचं निमित्त होऊन बाई गेल्या, ताईसाहेबांच्याही आधी. ते पत्र शालनकडून आलं.

त्या शेवटच्या भेटीच्या दुपारी जिना चढताना मला वरून भांडणाचा आवाज ऐकू आला. "यमू, तू माझं ऐकत नाहीस," ताईसाहेब म्हणत होत्या. "नाहीच ऐकणार," बाई म्हणाल्या, "डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय." मला बघून दोघी हसल्या. बाईंचे केस पांढरे झाले होते, पण चेहरा भरला होता. जेवायला मला खूप आग्रह केला. वर्तमानपत्र वाचून दाखवताना बाई मधेच स्वतःची टीका घालत आणि ताईसाहेब म्हणत, "हे छापलंय की तुझं?" मी पाहुणी होते. त्या घरातलं प्रत्येक वाक्य निम्मंच बोललं जायचं, उरलेलं त्या दोघींना ठाऊक असायचं.

साडेचारला बाई मला बसथांब्यापर्यंत सोडायला आल्या. मला त्यांना विचारायचं होतं, सुखात आहात ना? त्याऐवजी मी म्हटलं, "साताऱ्याला या एकदा. अजिंक्यताऱ्यावर जाऊ."

"येईन की," त्या म्हणाल्या. पण त्यांचं लक्ष माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे होतं. "पाच वाजता त्यांच्या डोळ्यात औषध घालायचं असतं. मी दोन मिनिटं उशीर केला की त्या स्वतः घालायला जातात आणि गालावर सांडतात."

बस आली. मी चढले, खिडकीजवळ जागा मिळाली. मी हात बाहेर काढला, तेव्हा बाई वळल्या होत्या. रस्ता ओलांडून त्या घराच्या दिशेनं निघाल्या. आधी भराभर चालत होत्या, मग त्यांनी निऱ्या एका हातानं वर उचलल्या आणि बावन्न वर्षांची ती बाई भर रस्त्यात, सायकलवाल्यांमधून वाट काढत, शाळा सुटलेल्या मुलीसारखी पळू लागली.